‘टॅली उघडूनच नाही राहिली’ : डेस्कटॉपवरच्या एका फाईलचं प्रकरण

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी साडेदहाला नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या होलसेल दुकानातून फोन आला, बिलिंगवाला भाऊ बोलत होता, ‘भाऊ, टॅली उघडूनच नाही राहिली, निस्तं इंग्रजी दिसून राहिलं.’ टॅली म्हणजे त्यांचं बिलांचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. मी म्हटलं पीसी रीस्टार्ट कर. म्हणे केला, दोनदा केला. मग मागून शेठचा आवाज, की दिवाळीचा माल सुटून राहिला, गाड्या उभ्या आहेत आणि एकही बिल निघत नाही, तू आत्ताच्या आत्ता ये. मी तेव्हा सीताबर्डीवर दुसऱ्या एका कामात अडकलेलो, पोचलो तेव्हा दोन वाजले होते आणि तोपर्यंत तिथे जे करायचं नव्हतं ते सगळं करून झालं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय कारण माझ्या ओळखीतल्या तीन-चार सपोर्टवाल्यांना गेल्या काही महिन्यांत थोड्याफार फरकाने हेच झेलावं लागलं, आणि प्रत्येकाने दोष सर्व्हरमध्ये शोधला, जिथे तो नव्हताच.

आधी दुकानाची रचना सांगतो. खाली दुकान, वर माळ्यावर ऑफिस, माळ्यावरच कूलरच्या वाऱ्यात ठेवलेला एक टॉवर सर्व्हर, त्यात विंडोज सर्व्हर २०१९ आणि टॅली. खाली काउंटरला तीन पीसी. अकाउंट्स बघणाऱ्या ताई मनीषनगरहून घरूनच काम करतात, आठवड्यातून एकदा दुकानात येतात. शिवाय शेठचा लॅपटॉप. म्हणजे पाच जण, आणि पाचही जण त्या एकाच सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या पडद्यावर सर्व्हरची स्क्रीन उघडून, जातात. माझ्याआधी जो माणूस हे बघायचा त्याने प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर एक डॉट आरडीपी फाईल, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कसं जोडायचं ते लिहिलेली फाईल, ठेवून तिला ‘टॅली’ असं नाव दिलं होतं, डबल क्लिक केलं की थेट टॅलीची स्क्रीन. मला विचाराल तर त्याने काम चांगलं केलं होतं. इतकं चांगलं की सहा वर्षांत कोणालाच कळलं नाही की टॅली आपल्या पीसीवर नाहीच आहे. बिलिंगवाल्याला मी हे त्या दिवशी सांगितलं तर तो माझ्याकडे असा पाहून राहिला जसं काही मीच सकाळी येऊन त्याची टॅली काढून नेली.

तर झालं असं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, काउंटरचे तिन्ही पीसी जुने, चौथ्या पिढीच्या आय थ्रीचे, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे सरळ मार्गाने विंडोज ११ चढत नाही. एक वर्ष जास्तीचे अपडेट घ्यायची सोय होती, पण शेठच्या पोराच्या डोक्यात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, बसलं होतं. पोरगा हुशार आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि त्याची कल्पना चुकीची पण नव्हती, ज्या पीसीवर फक्त रिमोट डेस्कटॉप आणि ब्राउझर चालवायचा त्यासाठी नवीन तीन मशिनी कशाला घ्यायच्या. २ ऑक्टोबरला दसरा, दुकान बंद, दीक्षाभूमीकडचे रस्ते गर्दीने भरलेले, त्यामुळे कोणी कुठे जाणार नव्हतं. त्याने दिवसभर बसून तिन्ही पीसींवर लिनक्स मिंट २२ टाकलं, त्यावर रिमोट डेस्कटॉप चालवणारं रेमिना टाकलं, आणि पोराने काळजी घेतली बरं, आधी सगळ्यांचे डेस्कटॉप फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि नंतर जसेच्या तसे परत ठेवले. म्हणजे ‘टॅली’ नावाची फाईल पण जिथल्या तिथे आली.

मग त्याने टेस्ट केलं. कसं केलं हे महत्त्वाचं आहे. रेमिना उघडलं, वरच्या पट्टीत सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाईप केला, एंटर मारलं, युजर पासवर्ड टाकला, टॅली आली. तिन्ही पीसींवर आली. झालं काम म्हणून तो रावण बघायला गेला.

शुक्रवारी सकाळी बिलिंगवाल्याने येऊन काय केलं? तो रोज करतो तेच. ‘टॅली’वर डबल क्लिक. मिंटने विचारलं ही फाईल कशात उघडू, समोर यादी आली, त्यात टेक्स्ट एडिटर होता, त्याने तो निवडला आणि खाली ‘नेहमी यातच उघड’ टाईपचं जे काही होतं ते पण मान्य केलं. आता तिथून पुढे त्या पीसीवर प्रत्येक डॉट आरडीपी फाईल एडिटरमध्येच उघडणार. निस्तं इंग्रजी दिसून राहिलं ते हे.

पोराला फोन गेला. तो कॉलेजात. त्याने फोनवरूनच सांगितलं, फाईलचं नाव बदल, शेवटी आरडीपी आहे तिथे रेमिना लिही. दुसऱ्या पीसीवर तसं केलं. आता डबल क्लिक केलं की रेमिना उघडायला लागलं, सगळे खूश, पण कनेक्ट काही होईना. अर्थातच नाही होणार. डॉट आरडीपी आणि डॉट रेमिना या दोन्ही साध्या मजकुराच्याच फाईली आहेत पण आतली मांडणी वेगळी. रेमिनाच्या फाईलीत वर चौकटी कंसात रेमिना असं लिहिलेलं लागतं, त्याखाली प्रोटोकॉल बरोबर आरडीपी, सर्व्हर बरोबर अमुक अशा ओळी. हळदीच्या डब्यावर तिखटाचं लेबल लावलं तर भाजी तिखट होते का? लेबल बघून रेमिना धावत आलं, झाकण उघडलं, आत त्याच्या कामाचं काहीच नव्हतं.

तिसरा घोळ सगळ्यात भारी. पोराने दुपारी घरी येऊन रेमिनात नीट प्रोफाईल बनवलं, ती डॉट रेमिना फाईल काढली आणि दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं ‘जुनी टॅली डिलीट करा, ही वापरा’. ग्रुपवर ताई पण. ताईंकडे विंडोज ११. त्यांची जुनी फाईल सकाळपासून व्यवस्थित चालत होती, त्या शांतपणे काम करून राहिल्या होत्या. मेसेज वाचून त्यांनी आज्ञाधारकपणे जुनी फाईल उडवली, रिसायकल बिन पण रिकामा केला, आणि नवी उघडायला गेल्या तर विंडोज म्हणे हे कशात उघडू. त्यांनी नोटपॅड निवडलं. आता पाचपैकी चार जण बंद, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची तारीख ११ ऑक्टोबर. वरून २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदललेले, त्यामुळे रेडिमेडच्या बिलांची आधीच उलटतपासणी चालू होती.

मी पोचल्यावर सगळ्यात आधी माळ्यावर जाऊन सर्व्हर पाहिला. तो गुमान चालू होता. रिमोट डेस्कटॉपची सेवा चालू, तिचं दार म्हणजे पोर्ट ३३८९ ऐकतोय. म्हणजे प्रश्न सर्व्हरचा नाही, आणि पोरगा जे म्हणून राहिला होता की ‘दादा, मी करून पाहिलं, चालते’, ते पण शंभर टक्के खरं. त्याने दुसरीच गोष्ट करून पाहिली होती एवढंच. प्रोग्रॅम उघडून त्यातून सर्व्हर निवडणं ही एक गोष्ट आणि सेव्ह केलेली फाईल उघडून थेट आत जाणं ही दुसरी. तुमच्या-माझ्यासारख्याला दोन्ही सारखंच वाटतं, पण काउंटरवर बसलेल्या माणसासाठी ती फाईल म्हणजेच टॅली. त्याला रेमिनाशी घेणंदेणं नाही, आयपीशी तर नाहीच नाही. त्यामुळे टेस्ट करायची होती ती डबल क्लिकची.

बिलिंगवाल्याला शेजारी बसवलं आणि त्याच एडिटरमध्ये ती फाईल परत उघडली. म्हटलं घाबरू नको, वाचून पाहू. साधारण चाळीस ओळी. प्रत्येक ओळ तीन तुकड्यांची, मध्ये कोलन. आधी गोष्टीचं नाव, मग एक अक्षर, मग किंमत. अक्षर एस असेल तर पुढे मजकूर, आय असेल तर पुढे आकडा, बी असेल तर पुढे लांबलचक कोडं. ‘फुल अ‍ॅड्रेस, एस, १९२.१६८.१.१०’. हा आपला माळ्यावरचा डबा. ‘स्क्रीन मोड आयडी, आय, २’, म्हणजे पूर्ण स्क्रीन, १ केलं तर खिडकीत. ‘रीडायरेक्ट प्रिंटर्स, आय, १’, म्हणजे खालचा प्रिंटर वरच्या टॅलीला दिसू दे. आणि एक ओळ, ‘पासवर्ड ५१, बी’ आणि पुढे आकड्या-अक्षरांची माळ. तो म्हणे हा माझा पासवर्ड का? होय, पण विंडोजने तो त्या पीसीवरच्या त्या युजरच्या नावाने कुलूपबंद केलेला असतो, फाईल दुसऱ्या मशीनवर नेली की ती माळ निकामी. म्हणून पोराने फाईल कितीही जपून आणली असती तरी पासवर्ड सोबत येणार नव्हता. तसंही हल्लीचं विंडोज पासवर्ड या फाईलीत ठेवत नाही, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या पत्त्याच्या नावाने ठेवतं, ते पुढे ताईंच्या वेळी परत आडवं आलं.

विंडोजमध्ये ही फाईल आणि एमएसटीएससी नावाचा रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम यांची सोयरीक आधीपासून जुळलेली असते. डबल क्लिक म्हणजे ‘कनेक्ट कर’. बदल करायचा असेल तर राइट क्लिक करून एडिट म्हणावं लागतं. रेमिनाचा जीव वेगळा. त्याची स्वतःची वही असते, होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात तो आपली प्रोफाईलं ठेवतो आणि उघडलं की त्यांची यादी दाखवतो. बाहेरून आलेली फाईल त्याच्यासाठी पाहुणा. पाहुण्याला आत घ्यायची सोय आहे, कमांडमध्ये रेमिनाच्या पुढे डॅश सी आणि मग फाईलचा पत्ता दिला की तो थेट जोडून देतो, डॅश ई दिलं तर बदलायला उघडतो. आणि डॅश सी ला डॉट आरडीपी पण चालते, नुसती डॉट रेमिनाच पाहिजे असं नाही.

म्हणून माझा पहिला विचार असा की तिन्ही पीसींवर डॉट आरडीपीची गाठ या डॅश सी शी बांधून टाकू, म्हणजे विंडोज असो की लिनक्स, सगळ्यांकडे एकच फाईल, उद्या आयपी बदलला तर एकच फाईल वाटायची. कागदावर झकास. टर्मिनलमध्ये करून पाहिलं, पहिल्या पीसीवर टॅली आली. दुसऱ्या पीसीवर कमांडच सापडेना. म्हटलं हे काय आता? तर पोराने एका ठिकाणी रेमिना सिस्टीम पॅकेज म्हणून टाकलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी फ्लॅटपॅक, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळं चालणारं पॅकेज. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन्ही मिळतात, त्याने जे समोर दिसलं ते घेतलं. फ्लॅटपॅकवाल्याची कमांड वेगळी, त्याची वही ठेवायची जागा पण वेगळी, आणि तो आपल्या कुंपणात राहतो म्हणून डिस्कवरची कोणतीही फाईल त्याला दिसेलच असं नाही. फ्लॅटपॅक वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण तीन पीसींच्या दुकानात दोन प्रकार ठेवणं म्हणजे सहा महिन्यांनी स्वतःच्याच डोक्याला ताप. काढून टाकलं, तिन्हीकडे एकच सिस्टीम पॅकेज, आणि आरडीपीचं प्लगइन वेगळं पॅकेज असतं ते पण आहे ना ते बघून घेतलं, कारण ते नसलं तर रेमिना उघडतं, छान दिसतं, फक्त प्रोटोकॉलच्या यादीत आरडीपी नसतं आणि माणूस अर्धा तास वेड्यासारखा शोधत बसतो. मी बसलेलो आहे.

मग पुन्हा डॉट आरडीपी थेट उघडून पाहिली. जोडते, पण दर वेळी युजर आणि पासवर्ड विचारते. पाहुण्याचं सामान ठेवायला वहीत जागा नाही, त्यामुळे टाकलेला पासवर्ड पुढच्या खेपेला आठवत नाही. बिलिंगवाला दिवसातून आठ-दहा वेळा टॅली बंद-चालू करतो, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो रस्ता सोडला.

दुसरा रस्ता साधा होता, पण त्यात फाईलचं रूप बदलतं. रेमिनाच्या मेनूतून जुनी डॉट आरडीपी इम्पोर्ट केली, त्याने तिचं स्वतःचं प्रोफाईल बनवलं, त्यात युजर पासवर्ड भरून सेव्ह केलं. आता ती त्याच्या वहीतली फाईल झाली. मग डेस्कटॉपवर एक लाँचर, म्हणजे कमांड चालवणारा आयकॉन, बनवला, त्याच्या कमांडच्या रकान्यात तेच रेमिना, डॅश सी, आणि वहीतल्या त्या फाईलचा पूर्ण पत्ता. पत्त्यात स्पेस असली तर अवतरण चिन्हात टाकायचं, नाहीतर तो अर्धाच पत्ता वाचतो. लाँचरला चालवायची परवानगी द्यायची. नाव ‘टॅली’. आणि जुन्या आयकॉनसारखं निळं चित्र शोधून लावलं, हे फालतू वाटेल पण फरक पडतो, बिलिंगवाला म्हणे ‘हां, आता बरोबर वाटून राहिलं’. अजून कनेक्ट पण नव्हतं केलं.

जुनी डॉट आरडीपी फाईल डेस्कटॉपवरून उचलून दुसऱ्या फोल्डरात ठेवली. डिलीट नाही केली. ‘जुनी डिलीट करा’ हे वाक्य त्या दिवशी पुरेसं महाग पडलं होतं.

एवढं झाल्यावर डबल क्लिक. आणि समोर नवीनच खिडकी, कीरिंगचा पासवर्ड द्या. बिलिंगवाला म्हणे हे काऊन? कारण असं की रेमिना पासवर्ड कीरिंगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या पासवर्डांच्या तिजोरीत, ठेवतं, ते कीरिंग तुम्ही पीसीत लॉगिन करताना टाकलेल्या पासवर्डने आपोआप उघडतं, आणि पोराने ‘सोपं पडेल’ म्हणून तिन्ही पीसींवर ऑटो लॉगिन करून ठेवलं होतं. लॉगिनला पासवर्ड टाकलाच नाही तर कुलूप उघडणार कुठून. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवायची पळवाट आहे, इंटरनेटवर बरेच जण तेच सांगतात, पण गल्ल्याशेजारच्या पीसीवर, जिथे चहावाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत कोणीही हात टेकवतो, तिथे मी ते करणार नाही. ऑटो लॉगिन बंद केलं. सकाळी एकदा पासवर्ड, मग दिवसभर डबल क्लिक. यावर बिलिंगवाला दोन दिवस कुरकुरला.

पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, विश्वास ठेवू का असं पण विचारलं गेलं, सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच बनवलेलं असल्यामुळे हे येणारच. मी सर्व्हरवर जाऊन सर्टिफिकेटचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवून पाहिला आणि मग हो म्हटलं. सांगून ठेवलं की हा प्रश्न परत आला तर हो दाबायचं नाही, मला फोन करायचा.

प्रिंटिंगने संध्याकाळ खाल्ली, त्यावर फार लिहीत नाही. काउंटरचा प्रिंटर रेमिनातून सर्व्हरला दिसला पण सर्वसाधारण ड्रायव्हरने, त्यामुळे बिलाची डावी बाजू कापली जात होती. तासभर झटापट केली. शेवटी लक्षात आलं की प्रिंटरला नेटवर्कची केबल लागते, सहा वर्षं त्या भोकावर धूळ बसली होती. केबल लावली, प्रिंटर सर्व्हरवर आयपीने थेट जोडला, रीडायरेक्शनची भानगडच संपली. पावणेआठला पहिलं बिल निघालं. शेठने तर्री पोहे मागवले, रात्री आठ वाजता तर्री पोहे कुठून आणले त्यांचं त्यांना माहीत.

ताईंचं काम शनिवारी. त्यांच्या घरी गेलो, शेठच्या लॅपटॉपवरून जुन्या डॉट आरडीपीची कॉपी नेली होती. ती पेनड्राइव्हवरून उघडण्याआधी सवयीप्रमाणे नोटपॅडमध्ये वाचली आणि दोन ओळींवर थांबलो. एक, पत्त्याच्या जागी दुकानाच्या ब्रॉडबँडचा पब्लिक आयपी, इंटरनेटवरून कोणालाही गाठता येणारा पत्ता. म्हणजे आधीच्या माणसाने राउटरवर ३३८९ सरळ जगाला उघडा करून ठेवला होता. २०१९ च्या मे महिन्यात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, पासवर्ड न देता आत शिरता येईल असं, तेव्हापासून तरी निदान हे कोणी करू नये. सर्व्हर २०१९ त्यात मोडत नाही हे खरं, पण उघड्या ३३८९ वर रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघणारे बॉट असतातच, सर्व्हरच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची रांगच्या रांग दिसली. दुसरी ओळ, ‘ड्राइव्ह्स टू रीडायरेक्ट, एस’, आणि पुढे एक चांदणी. चांदणी म्हणजे सगळे ड्राइव्ह.

ताईंना म्हटलं, तुम्ही टॅलीत गेल्यावर तिकडच्या कॉम्प्युटरमध्ये कधी पाहिलं का? त्यांच्या नव्या पेनड्राइव्हपासून डी ड्राइव्हपर्यंत सगळं तिथे दिसत होतं, डी ड्राइव्हवर मुलीच्या लग्नाचे फोटो, बँकेची स्टेटमेंटं, सगळं. दुसऱ्या युजरला ते दिसत नाही, फक्त त्यांच्या सेशनमध्ये, पण त्या सेशनमध्ये एखादी घाण फाईल चालली तर तिचा हात घरच्या डी ड्राइव्हपर्यंत पोचतो. ताई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘आणि मी ते पिवळं आलं की दर वेळी कनेक्ट दाबून टाकत होते.’

ते पिवळं म्हणजे ‘हे कनेक्शन कोणी बनवलं ते ओळखता येत नाही’ अशी सूचना. फाईलवर सही नसली की ती येते, आणि त्याच खिडकीत ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर यांच्या टिका असतात. लोक तिथे ‘परत विचारू नको’ लावून मोकळे होतात. सही करायला विंडोजमध्ये आरडीपीसाइन नावाचं टूल आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेट लागतं आणि पाच माणसांसाठी मी तो व्याप केला नाही. शिवाय सही असली म्हणजे फाईल चांगली असंही नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलं होतं की मिडनाइट ब्लिझार्ड नावाची रशियन टोळी शंभरावर संस्थांमधल्या हजारो लोकांना मेलने डॉट आरडीपी फाईली पाठवून राहिली आहे, त्या फाईलींवर फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टच्या सर्टिफिकेटने सही केलेली. उघडली की तुमचा पीसी त्यांच्या सर्व्हरला जोडला जाणार, आणि फाईलीत लिहून ठेवलंय त्याप्रमाणे तुमचे ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर तिकडे हजर. त्यात व्हायरस असा काही नसतो, अँटीव्हायरसला पकडायला काय सापडणार, चाळीस ओळींचा मजकूर तर आहे. आणि आदल्याच दिवशी आमच्या ग्रुपवर ‘ही वापरा’ म्हणून फाईल आली आणि ताईंनी एक प्रश्न न विचारता उघडली. पाठवणारा शेठचा पोरगा होता म्हणून ठीक.

राउटरवरचा तो पोर्ट बंद केला. दुकानाच्या सर्व्हरवर वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, बसवला, ताईंच्या पीसीवर त्याचं दुसरं टोक. फाईलीत पत्ता काय टाकायचा यावर अर्धा तास गेला, कारण १९२.१६८.१.१० टाकला तर ताईंच्या घरचा राउटर पण १९२.१६८.१ चीच वाडी चालवतो, पाकीट घरातल्या घरातच फिरत राहतं, दुकानापर्यंत जातच नाही. मग सर्व्हरचा व्हीपीएनमधला पत्ता, १०.८.०.१, तो फाईलीत टाकला. चांदणी काढून टाकली, ती ओळ रिकामी ठेवली, क्लिपबोर्ड राहू दिला कारण ताई एक्सेलमधून कॉपी-पेस्ट करतात. डबल क्लिक केलं तर पासवर्ड विचारला. ताई म्हणाल्या, ‘अहो, तो तर सेव्ह होता ना?’ होता, पण जुन्या पत्त्याच्या नावाने. पत्ता बदलला की विंडोजच्या हिशेबाने हा वेगळा सर्व्हर. एकदा टाकून ‘लक्षात ठेव’ केलं, संपलं.

फाईलचं नाव ‘टॅली’च. जागा डेस्कटॉपवर वरून दुसरी, ताईंनी स्वतः माउसने ओढून तिथे नेली.

सोमवारी पोराला घेऊन बसलो. रागावलो नाही, त्याने तीन मशिनींचा खर्च वाचवला होता. त्याचा प्रश्न बरोबर होता, की दादा, सगळं रेमिनातून उघडायला लोकांना शिकवलं असतं तर? दोन क्लिक जास्त. मी म्हटलं शिकव ना, मार्चनंतर शिकव, दिवाळीच्या आधी नको. आणि ग्रुपवर फाईल टाकायची बंद. नवी फाईल लागली तर मी किंवा तो स्वतः जाऊन ठेवणार, किंवा ती सर्व्हरवरच एका शेअर फोल्डरात असणार, आणि ताईंनी तेवढ्यापुरतं नोटपॅडमध्ये ‘फुल अ‍ॅड्रेस’ची ओळ वाचून बघायची, १०.८ ने सुरू होते का. हे त्यांना जमतं. बिलिंगवाल्याला जमत नाही आणि त्याला मी सांगितलंही नाही.

११ तारखेच्या आत रिटर्न गेलं. लक्ष्मीपूजनापर्यंत काउंटरवरून परत फोन आला नाही, एकदा आला तो पण कीबोर्डवर चहा सांडला म्हणून.

राहिला शेठचा लॅपटॉप. त्यावरची फाईल अजून जुनीच, चांदणीसकट. पोर्ट बंद झाल्यापासून ती बाहेरून चालत नाही, फक्त दुकानात वायफायवर असताना वेगळ्या एका आयकॉनने चालते, आणि शेठचं म्हणणं माझ्यामुळे घरून टॅली बंद झाली. दोन तास लॅपटॉप द्या म्हटलं तर म्हणतात रविवारी ये. तीन रविवार झाले, तीनही वेळा लॅपटॉप गाडीत आणि गाडी कामठीला.